लेक घरी शिकते, वय सोळा : लोकांचे आडाखे

रानजाई (जुळे सोलापूर)

गेल्या महिन्यातल्या दोन गोष्टी आधी सांगते.

पहिली. नवऱ्याच्या नात्यात लग्न होतं, अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. म्हाताऱ्या माणसांसाठी पंगत मांडली होती आणि वाढायला माणसं कमी पडली. माझी लेक आपणहून उठली आणि वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढायला लागली. ती सोळा वर्षांची आहे. एका आजींनी तिचा हात धरून विचारलं, "कितवीला गं तू?" ती म्हणाली, "शाळेत जात नाही आजी, घरीच शिकते." आजींनी हात सोडला, माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "डोक्यानं बरी हाय न्हवं?" लेक तिथेच उभी, बादली हातात. तिनं वाकून विचारलं, "भाजी वाढू का अजून, आजी?" आणि पुढच्या पानाकडे सरकली. हात धुताना दुसऱ्या एक बाई मला म्हणाल्या, "किती शांत आहे हो. या वयात इतकं शांत असणं बरं नाही. घरात कोंडून दबलीय पोरगी."

दुसरी, त्यानंतर बारा दिवसांनी. मी तिच्या टेबलावरचे कागद आवरायला गेले आणि चुकून तिच्या कामाचे कागद रद्दीत टाकले. ती माझ्यावर ओरडली, खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. नेमके तेव्हाच शेजारचे काका वर्गणीची पावती घेऊन दारात. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "वहिनी, शाळेत नसलं की हे असं होतं. शिस्त लागणार कुठून?"

माझा धाकटा तेरा वर्षांचा आहे. आठवीत आहे, रोज शाळेत जातो. त्याच आठवड्यात त्यानंही दार आपटलं होतं, दोनदा. तेही काकांनी ऐकलं होतं. तेव्हा हसून म्हणाले होते, "वय आहे वहिनी. शिंगं फुटायचीच आता."

एकाच घरातली दोन मुलं, आपटलं ते दारही सारखंच. एकाचं वय दिसतं आणि दुसरीची शाळा दिसते. हे मला गेले कित्येक दिवस डोक्यातून काढता येत नाहीये, म्हणून इथे लिहायला बसले.

थोडी पार्श्वभूमी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती पाचवीत होती. त्याआधीचं जवळजवळ वर्षभर रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. शाळा बंद झाली आणि दुखणं थांबलं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा वर्षभर थांबून बघू म्हटलं, ते थांबणं तसंच पुढे चालू राहिलं. धाकट्याला शाळा मनापासून आवडते, तो जातो. दहावी तिनं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दिली, तीन विषय एप्रिलमध्ये आणि दोन ऑक्टोबरमध्ये. आता बारावीचा अभ्यास चालू आहे.

आठवड्यातून दोन दिवस ती पूर्व भागात एका ओळखीच्या चादर कारखान्यात जाते. मागावर नाही, वरच्या खोलीत, जिथे नक्षीचे कागद होतात. चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे ताण्याचा, उभा, एक धागा. जिथे चौकोन रंगवलेला, तिथे जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पाडायचं. भोक आलं की सुई आत शिरते, हूक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याच्याखालून जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका फेऱ्याला एक कार्ड. तिथले डिझायनर मास्तर साठीचे आहेत, घरी तेलुगू बोलतात. मोराच्या मानेत एक चौकोन चुकला तर चादरीवरच्या प्रत्येक मोराची मान मोडते, हे त्यांनी तिला पहिल्याच दिवशी दाखवलं. मी रद्दीत टाकले ते कागद हेच होते. दार का आपटलं, ते आता तुमच्या लक्षात येईल. काकांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही. उत्तर आधीच तयार होतं.

मला प्रश्नांचा राग येत नाही. आपल्याकडे शाळेत न जाणारं मूल दिसलं तर माणूस विचारणारच. पण गप्प बसली तर दबलेली, बोलली तर आगाऊ. मोठ्यांशी नीट वागली तर "बालपण हरवलं हो", आमच्यावर चिडली तर "लाडावलेली". मोबाईल हातात दिसला तर "घरी बसून हेच चालणार". तिला स्वतःला काही असू शकतं, चांगला दिवस, वाईट दिवस, पाळीच्या आधीची चिडचिड, एखाद्या मैत्रिणीशी बिनसलेलं, याला जागाच उरत नाही.

इथे कुणाची मुलं घरी शिकतात का? किंवा शाळेत जाणाऱ्या या वयाच्या मुलांचे आईबाप असाल तरी लिहा. शाळेत शिकवणाऱ्यांनीही लिहा.

---

पार्कचौक

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. सकाळी सहाला पहिला क्लास, मग शाळा, मग दुसरा क्लास, रात्री साडेआठला घरी. जेवताना "हं" आणि "नको" या दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. सगळे नातेवाईक म्हणतात, किती गुणी आहे. मलाही तसंच वाटत होतं. तुमचं वाचून थांबलो. त्याच्या मनात काय चाललंय हे मला तरी कुठे माहीत आहे? मला त्याच्या चाचणीचे गुण माहीत आहेत, बास.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दक्षिण सोलापूर तालुक्यात. बावीस वर्षं झाली. ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण दुसरी बाजू सांगायलाच हवी.

माझ्या गावात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शाळेत यायची थांबली तर कारणं साधारण ठरलेली असतात. घरी बीड्या वळायला बसवली. धाकट्या भावंडांना सांभाळायला ठेवली. नाहीतर लग्न ठरलं. "घरीच असते" हे वाक्य ऐकलं की माझ्या छातीत धस्स होतं, आणि ते व्हायलाच हवं. माझ्या कामाचा तो भाग आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी अकरा दिवस आली नाही. मी घरी गेले. आई म्हणाली, ताप आहे. वीस मिनिटं आम्ही दोघी बोलत बसलो, मी खोदून विचारतेय आणि ती तापाचंच सांगतेय. मग मुलगी पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवताना एवढंच म्हणाली, "बाई, माझी भूमितीची वही तुमच्याकडंच हाय ना? राहू द्या." राहू द्या म्हणाली. परत द्या म्हणाली नाही. बाहेर आले आणि १०९८ ला, मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. चौथ्या दिवशीची हळद थांबली. तिनं दहावी दिली, पुढेही शिकली.

बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे, मुलीचं वय अठरा. कायदा गावात आपोआप पोचत नाही, कुणीतरी नाक खुपसावं लागतं. म्हणून म्हणते, चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला भोचक समजू नका. आणि कारखान्याचं वाचून मला पहिल्यांदा तेच वाटलं, हे मोकळेपणानं सांगते. सोलापुरात "पोरगी कारखान्यात जाते" याचा अर्थ काय होत आलाय हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

पण एक मात्र खरं. त्या दिवशी वीस मिनिटं मी मुलीशी बोललेच नाही, आईशीच बोलत राहिले. मुलगी स्वतः पुढे आली म्हणून कळलं.

---

रानजाई

खडूफळा बाई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. "राहू द्या" वर माझे डोळे भरले. तुमच्यासारखं कुणी माझ्या दारात आलं तर मी चहा ठेवीन, आणि लेकीला बाहेर बोलावून मी आत जाईन. हे मनापासून लिहितेय.

कारखान्याबद्दल : पगार नाही, शिकणं आहे. दुपारी दोन ते चार, वरची खोली, मास्तरांची सूनही तिथेच काम करते. मागाच्या शेडमध्ये ती फक्त कार्डांची माळ चढवताना बघायला जाते. तुमची शंका रास्त आहे.

---

सातरस्ता

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका.

शाळेचा अभ्यास घरी होतो, यात शंका नाही. पण माझ्या लहानपणी माझ्या बाकावर एक तेलुगू घरातला, एक कन्नड घरातला आणि एक उर्दू बोलणारा मित्र होता. आमच्यापैकी कुणीही एकमेकांना निवडलं नव्हतं. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं होतं. कुणाचे वडील सूतगिरणीत, कुणाचे वकील. घरी शिकणाऱ्या मुलाला जी माणसं भेटतात ती आईबापांनी निवडलेली असतात. चांगलीच असतात, पण निवडलेली असतात. न आवडणाऱ्या मुलाशेजारी वर्षभर बसणं हेही शिक्षण आहे. लोक "मित्र आहेत का" विचारतात त्यात हीच काळजी असते, फक्त त्यांना ती नीट मांडता येत नाही.

शिवाय हे कायद्यात बसतं का?

---

खडूफळा

कायद्याचं मी सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. त्यामुळे घरी शिकवणाऱ्यांवर कारवाई होत नाही. चौदानंतर तर हा कायदा लागूच होत नाही. मी याच्या बाजूने आहे असं नाही, जे आहे ते सांगितलं.

---

हुरडा

घाईत लिहितेय. आमची मुलगी सातवीत आहे, आम्हीही विचार करतोय. दहावीचं नेमकं कसं करायचं?

---

रानजाई

@हुरडा, थोडक्यात : राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत, बारावीला १५. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे देता येतात. दुसरा रस्ता म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून आपल्या राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणं. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा, सगळीकडे लागतो. बाकी माझ्या विचारपूशीत (विपूत) विचारा.

@सातरस्ता, बाकाचं म्हणणं मला पटलं, आणि टोचलंही. तेलुगू तिला मास्तरांमुळे थोडंफार कळायला लागलं, पण तेही शेवटी आम्ही निवडलेलं घर. हा खड्डा आहे. तो नाही असं मी म्हणणार नाही.

---

अर्धानकाशा

मी एकोणीस वर्षांचा आहे. तेरा ते सतरा घरी शिकलो, सोलापुरातच, विजापूर रोडला. आता पुण्यात असतो. या चर्चेचा धागा आईबाबांनी पाठवला. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहितो.

सगळ्यात जास्त काय व्हायचं माहितीये? परीक्षा. पुण्याच्या एसटीत शेजारचे काका विचारायचे कितवीला, मी सांगायचो, आणि लगेच "बरं मग, एकोणतीसचा पाढा म्हण." टेंभुर्णीपर्यंत माझी तोंडी चालायची. शाळेतल्या मुलाला कुणी बसमध्ये पाढे विचारत नाही. मला पाढा यायचा, पण मी मुद्दाम गप्प बसायचो. मग ते समोरच्यांना म्हणायचे, "बघा." तेव्हा माझं वय चौदा होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. खिडकीकडे तोंड करून बसायचो. आईला वाटायचं मला बाहेर बघायला आवडतं.

सातरस्ता काका म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं आहे. पंधराव्या वर्षी मला खूप एकटं वाटायचं. संध्याकाळी आमच्या मागच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळायची. मला घ्यायची, तसं काही नाही. "ये की बे, फिल्डिंग कर." पण खेळ संपला की सगळे कट्ट्यावर बसायचे आणि शाळेतल्या सरांच्या नकला सुरू व्हायच्या. ते सर मला माहीत नाहीत. सगळे हसून हसून लोळतायत आणि मी बॅट पुसतोय. असं जवळजवळ वर्षभर. मी घरी काहीच बोललो नाही, कारण बोललो असतो तर कुणीतरी म्हटलं असतं, "सांगितलं होतं ना." आईबाबांनी माझ्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलं होतं. त्यांना खोटं पाडायचं नव्हतं मला. हे आईबापांनी समजून घ्या. बाहेरचे इतके टोचतात की पोराला घरातही खरं बोलता येत नाही. दुखलं तरी दुखत नाही म्हणावं लागतं, कारण दुखलं म्हणजे होमस्कूलिंग फसलं.

मग सोळाव्या वर्षी एका काकांबरोबर नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जायला लागलो. माळढोक अभयारण्य, १९७९ चं. मला माळढोक एकदाही दिसला नाही, आता तो दिसणं जवळजवळ संपलंच आहे. पण काळवीट दिसले, धाविक पक्षी दिसला, एकदा पहाटे लांडगा. तिथे येणारी माणसं चाळीस ते साठ वयाची. त्यांच्यापैकी एकानंही मला कितवीला विचारलं नाही. विचारायचे, "कुठं बसलाय? बोरीच्या डावीकडं की उजवीकडं?" मी बोट दाखवायचो, सगळे तिकडे दुर्बिणी वळवायचे. माझ्या बोटाकडे बघून आठ माणसं वळतायत. त्या वयात मला तेवढंच हवं होतं.

नंतर हिप्परगा तलावावर माझ्या वयाची दोन मुलं भेटली, शाळेतली. अजूनही मित्र आहोत.

---

पार्कचौक

"दुखलं म्हणजे होमस्कूलिंग फसलं." हे माझ्या मुलाच्या बाबतीतही लागू आहे रे. तिथे "होमस्कूलिंग"च्या जागी क्लासची फी घाल. आज रात्री त्याच्याशी बोलतो. गुणांवर नाही.

---

निंबोणी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. किशोरवयीन मुलं बरीच येतात. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

"या वयात वादळ असतंच" ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञानं १९०४ मध्ये ती मोठ्या ग्रंथात मांडली आणि जगभर पसरली. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की पुष्कळ मुलं हे वय फारशा उलथापालथीशिवाय पार करतात. म्हणजे रानजाईंची लेक लग्नात शांत राहिली, यात वयाच्या विरुद्ध काहीच नाही. आणि दार आपटणंही वयाला धरूनच आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो.

झोपेचंही तसंच. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. मूल साडेअकराला टक्क जागं आणि सकाळी उठत नाही, हा आळस नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आपल्याकडे २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश निघाला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकलेली असते ती मुलं अजून अंधारातच क्लासला जातात. घरी शिकणारं मूल नऊला उठलं की शेजारी म्हणतात, वळण नाही. त्याच्या शरीराला हवी तेवढी झोप ते घेतंय, इतकंच.

तिसरी गोष्ट सोबतीची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ ते १६ वयाच्या मुलांना गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकट्यानं आणि काहींना मित्र शेजारी असताना. मित्र असताना त्यांनी धोका पत्करण्याचं प्रमाण खूप वाढलं. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. आपण "या वयाची मुलं अशीच" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती आपल्याला घोळक्यात दिसलेली असतात. यावरून मुलांना मित्रांपासून तोडावं असा अर्थ कृपया काढू नका. अर्धानकाशाचं वाचल्यावर तर नकोच.

आणि घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक काळजीची गोष्ट. शाळेतल्या मुलाकडे रोज पाच-सहा मोठी माणसं बघत असतात. कुणीतरी एक बाई म्हणते, हा हल्ली डबा खात नाही. तुमच्या मुलाकडे बघणारे तुम्ही दोघंच. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल आवडीच्या गोष्टींतूनही उठून गेलं, झोप-भूक बिघडली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर "वय आहे" म्हणून सोडू नका आणि "आपली पद्धत चुकली का" या विचारात वेळही घालवू नका. डॉक्टरकडे या. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

---

बाळीवेसकर

सर्वांना नमस्कार. माझं वय एकाहत्तर. हळू टंकतो.

आमच्या घरात टीनएज हा शब्द नव्हता. "घोडा झालाय" एवढंच म्हणत. माझा थोरला भाऊ पंधराव्या वर्षी गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. वय वाढवून सांगितलं होतं. आठवीपर्यंत वर्गात पहिला येणारा. भोंगा झाला की उठायचा, डबा घ्यायचा, जायचा. त्या वर्षी तो एकदम गप्प झाला. पूर्वी फार बोलायचा, मला अंगणात खडूनं आगगाडी काढून द्यायचा, ते सगळं थांबलं. सगळी गल्ली वडिलांना म्हणायची, पोरगा जबाबदार झाला हो, काय समज आलीय. वडिलांची छाती भरून यायची. आम्हा धाकट्यांना त्याचं उदाहरण देत.

चाळीस वर्षांनी, वडील गेल्यावर तेराव्याच्या रात्री आम्ही दोघे गच्चीवर बसलो होतो. तो म्हणाला, "मला शाळेत जायचं होतं रे. कुणी विचारलंच नाही." त्याच्या गप्प बसण्याला आम्ही सगळ्यांनी समज हे नाव दिलं होतं.

रानजाईताई, तुमची लेक शाळेबाहेर सुखी असेल. माझा भाऊ शाळेबाहेर सुखी नव्हता. दोघांनाही लोकांनी न विचारताच ओळखलं.

तुम्हाला एक विचारतो, वडीलकीच्या नात्यानं. हा धागा काढण्यापूर्वी लेकीला विचारलं होतंत का?

---

रानजाई

बाळीवेसकर काका, नाही विचारलं.

कालपासून याचं उत्तर लिहायला धीर होत नव्हता. तिच्या पाळीच्या चिडचिडीपर्यंत मी इथे लिहून मोकळी झाले. आजींनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं त्याचा मला राग आला, आणि मी तेच केलं, फक्त तिच्या बाजूनं बोलतेय या समजुतीनं. आज सकाळी तिला सगळा धागा वाचायला दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी लिहू?" खाली तिचं आहे. मी एक अक्षरही बदललेलं नाही.

---

रानजाई (लेक लिहितेय, आईच्या खात्यावरून)

नमस्कार.

पहिलं, लग्नात मी शांत नव्हते. बादली जड होती आणि माझे हात थरथरत होते. त्या आजी काय म्हणाल्या ते मला पूर्ण ऐकू आलं. तिथून निघायचं होतं आणि बादली टाकून पळता येत नव्हतं, म्हणून मी भाजी विचारली. आईला वाटलं मी समजूतदारपणे वागले. त्या दुसऱ्या बाईंना वाटलं मी दबलेली आहे. दोन्ही नव्हतं.

दुसरं, ते कागद तीन होते आणि नऊ दिवसांचं काम होतं. मोर नव्हते त्यात. मास्तरांनी पहिल्यांदाच मला माझी नक्षी काढायला सांगितली होती. मी सिद्धेश्वर तलावातलं मंदिर काढत होते, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट. प्रतिबिंब उलटं मोजावं लागतं, म्हणून वेळ लागला. दोन कागद सापडले. तिसरा मी पुन्हा काढला आणि तो आधीपेक्षा बरा झालाय.

मला शाळेतलं काही आठवत नाही असं नाही. मधली सुट्टी आठवते. आम्ही पाच जणी डबे मध्ये ठेवायचो आणि कुणाचा कुठला ते बघायचो नाही. तसं आता नाही. मला ते हवं असतं कधीकधी. पण शाळा नको. दोन्ही एकदम खरं असू शकतं ना? लोकांना एकच उत्तर हवं असतं, म्हणून मी "छान चाललंय" म्हणते.

अर्धानकाशा दादाचं वाचून मी पण रडले. मी पण घरी काही गोष्टी सांगत नाही, त्यानं लिहिलंय त्याच कारणानं. आई आता हे वाचेल. ठीक आहे.

पोटात का दुखायचं ते मला माहीत आहे. पण ते इथे नाही लिहिणार.

कितवीला आहेस विचारलं तरी चालतं मला, खरंच. फक्त उत्तर माझ्याकडूनच घ्या आणि मग अजून एक तरी प्रश्न विचारा. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

---

अर्धानकाशा

अजून एक प्रश्न विचारतो मग. उलटं कसं मोजतेस? खालून वर, की कागद फिरवून?

---

रानजाई (लेक)

आधी कागद फिरवायचे, पण मग रंग चुकतो. आता पाण्याच्या रेषेपासून दोन्हीकडे एकेक ओळ काढते, एक वर एक खाली. मास्तर म्हणाले पाणी हलतं, म्हणून खालच्या कळसाला दर चौथ्या ओळीत एक चौकोन सरकव. सरकवला तर खरंच हललं.

---

सातरस्ता

बाळ, चादर विणून झाली की फोटो टाक. माझं बाकाचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण तुझ्या पाच डब्यांत ते तूच माझ्यापेक्षा नीट लिहिलंस.

---

खडूफळा

मुली, माझ्या सातवी-आठवीच्या वर्गात एकतीस मुली आहेत. पुष्कळ जणींच्या घरी कुणी ना कुणी मागावर काम करतं, पण चादरीवरचं फूल येतं कुठून हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, साडेसातला. येशील का? आईला विचारून नाही, तुला वाटलं तर. चौकटीचे कागद आण, आणि एखादं कार्ड मिळालं तर तेही.

---

रानजाई (लेक)

येते बाई. साडेसातला पोचायचं तर पहाटे उठावं लागेल, उठते. एक जुनं कार्ड आहे माझ्याकडे, एका कडेनं फाटलंय पण भोकं स्पष्ट आहेत. उजेडासमोर धरून दाखवावं लागतं. वर्गाला पूर्वेकडे खिडकी आहे का?